छातीवर ४५६

मंडळी, दिवाळीच्या बाजाराला जाल तेव्हा एक काम करा. आपल्या पोरांचे कपडे बघून झाले की जरा मागं सरून उभं राहा आणि दुकानाबाहेर टांगलेल्या सगळ्या कपड्यांवरची चित्रं वाचा. होय, वाचाच. आपण कपड्याचं माप बघतो, रंग बघतो, धुतल्यावर आटेल का ते विचारतो, भाव करतो. छातीवर काय छापलंय ते वाचत नाही.

मी गेल्या आठवड्यात आपल्या बाजारपेठेत दोन तास फिरून हे काम केलं. छोटा भीम होता, स्पायडरमॅन होता, युनिकॉर्न होते. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच दांडीवर पाच-सहा वर्षांच्या मापात हिरव्या रंगाचे ट्रॅकसूट होते, छातीवर पांढऱ्या आकड्यात ४५६. शेजारी गुलाबी हूडी, त्यावर काळा मुखवटा आणि गोल, त्रिकोण, चौकोन. एका टी-शर्टवर मिर्झापूरचा कालीन भैया. आणखी एकावर लाल कपडे आणि मिशीवाला मुखवटा, म्हणजे मनी हाइस्टवाले दरोडेखोर. भाव साडेतीनशे ते पाचशे. लेबलावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, फक्त माप.

दुकानदार ओळखीचे. म्हणलं, "शेठ, हे काय आहे माहितीय का?"

"कोरियन आहे म्हणत्यात. काय हाय ते आपल्याला काय करायचंय, पत्रकार? गांधीनगरला गेलो, होलसेलवाला म्हणला हे पळतंय, चार डझन उचललं. दोन डझन गेलं पण."

खोटं बोलत नव्हते ते. त्यांनी ती मालिका बघितलेली नाही. होलसेलवाल्यानंही बघितली नसेल. ज्यानं ते कापड शिवलं त्यानं तर नक्कीच नाही. आणि घेणाऱ्या आईबापांपैकीही बहुतेकांनी नाही. सगळ्या साखळीत ती गोष्ट माहीत असलेला एकच माणूस असतो आणि तो पहिली-दुसरीत शिकत असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'स्क्विड गेम' ही दक्षिण कोरियाची मालिका. १७ सप्टेंबर २०२१ला नेटफ्लिक्सवर आली आणि पहिल्या चार आठवड्यांत कंपनीच्या हिशेबाप्रमाणे १४ कोटींहून जास्त घरांत बघितली गेली. गोष्ट अशी की गळ्यापर्यंत कर्जात बुडालेली ४५६ माणसं एका बेटावर नेली जातात. तिथं त्यांना लहानपणीचे खेळ खेळायला लावतात. पहिला खेळ आपल्या 'स्टॅच्यू'सारखा. मोठी बाहुली तोंड फिरवते तोवर पळायचं, तिनं वळून बघितलं की थांबायचं. जो हलला त्याला तिथंच गोळी. शेवटपर्यंत जो जगेल त्याला ४५.६ अब्ज वॉन, म्हणजे माणशी दहा कोटी वॉनचा हिशेब. हिरवा ट्रॅकसूट म्हणजे मरायला आलेल्यांचा गणवेश आणि गुलाबी हूडी म्हणजे गोळ्या घालणाऱ्यांचा.

अमेरिकेत तिला टीव्ही-एमए दर्जा आहे, म्हणजे प्रौढ प्रेक्षकांसाठी केलेली, सतरा वर्षांखालच्यांना योग्य नसू शकेल अशी. मालिका वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. मी सगळी बघितली. २०२२मध्ये तिच्या दिग्दर्शकाला, ह्वांग डोंग-ह्योक यांना, आणि मुख्य नटाला, ली जंग-जे यांना एमी पुरस्कार मिळाले, ते योग्यच मिळाले. माझा प्रश्न त्या गोष्टीबद्दल नाही. ती गोष्ट पाच वर्षांच्या मापात का शिवली जातेय, हा आहे.

आमच्या गल्लीत तो ट्रॅकसूट घालून एक पोरगं फिरतं. पहिलीत असेल. परवा कट्ट्यावर बसलेलं दिसलं, म्हणून विचारलं.

"बाळा, हे काय आहे रे छातीवर?"

"नंबर हाय माझा."

"मालिका बघितलीस काय तू?"

"न्हाय. रील बघितलं. दादा बघतोय की मोबाईलवर."

"मग यात हरलं की काय होतंय?"

"गोळी घालत्यात."

"आणि जिंकलं की?"

"पैसं मिळत्यात!"

एवढंच. अख्ख्या मालिकेतून पोराच्या हाती एवढं लागलं. हरला त्याला मारायचं, जिंकला त्याला पैसे. यात त्या पोराचा काही दोष नाही. आईबापांचाही मी काढणार नाही. बाप सकाळी सातला एमआयडीसीत जातो, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला. पोरगं मागत होतं, सणाचं घेतलं.

आता कुणी म्हणेल, पत्रकार, तुम्ही राईचा पर्वत करताय. आम्ही नाही का लहानपणी शोले बघून गब्बर व्हायचो? दिवाळीत टिकल्यांची पिस्तुलं घेऊन गल्लीभर चोर-पोलीस खेळलो, कोण गुंड झालं? बरोबर आहे. मीही खेळलो. कपड्यावरच्या चित्रानं पोरगं खुनी होतं असं मी म्हणत नाही, कुणी म्हणलं तर मी ते छापणारही नाही.

पण फरक बघा. शोले आम्ही घरच्यांबरोबर बघितला होता. गब्बर कोण, ठाकूर कोण, शेवटी काय झालं हे माहीत होतं. खेळ आम्ही आमचा रचत होतो. इथं उलटं झालंय. गोष्ट पोरापर्यंत येतच नाही, नुसता गणवेश येतो. शिवाय गणवेश बाजारानं हातात दिला की पोराला वाटतं, ही आपल्यासाठीच केलेली वस्तू आहे. मापाचीच आहे ना! मग मालिकाही आपल्यासाठीच असणार. मोठ्या भावाच्या मोबाईलवर ती शोधायची वाट त्या हिरव्या कपड्यातून जाते.

हे काही आपल्याच तालुक्यात घडतंय असं नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल-मॅनलियस इथल्या तीन प्राथमिक शाळांनी हॅलोविनच्या सणाला स्क्विड गेमचे पोशाख घालून यायला मनाई केली. कारण सुट्टीत पोरं तेच खेळ खेळायला लागली होती. बेल्जियममधल्या एर्केलीन गावच्या शाळेनं तर फेसबुकवर पालकांसाठी लिहिलं की मुलं 'स्टॅच्यू'सारखा खेळ खेळतात आणि हरणाऱ्याला बुक्क्या मारतात. कुठं बेल्जियम, कुठं आपण. पण त्या शिक्षकांची अडचण वाचली तेव्हा मला आपल्या जिल्हा परिषद शाळेचं मैदानच दिसलं.

आणि नवीनही नाही. सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा रॅम्बो १९८२चा, अमेरिकेत आर दर्जाचा, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाबरोबरच प्रवेश. १९८६मध्ये त्याचं मुलांसाठी कार्टून आलं आणि त्याबरोबर खेळणी. १९८७चा रोबोकॉप तसाच रक्तबंबाळ, पुढच्याच वर्षी त्याचंही कार्टून. १९९७मध्ये साउथ पार्क आली, दिसायला पोरांचं कार्टून, आतमध्ये निव्वळ मोठ्यांचा मसाला. तिचे टी-शर्ट पोरं शाळेत घालून यायला लागली तेव्हा अनेक अमेरिकन शाळांनी त्यावर बंदी घातली. सप्टेंबर २०००मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं एक अहवाल काढला. हिंसेमुळं आर दर्जा मिळालेले ४४ सिनेमे त्यांनी तपासले, त्यातल्या ३५ सिनेमांची जाहिरात सतरा वर्षांखालच्या मुलांना धरून केलेली निघाली. म्हणजे वरती 'मुलांसाठी नाही' असं लिहायचं आणि खालून मुलांनाच गिऱ्हाईक करायचं, हा धंदा जुना आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र असलं तर अठरा वर्षांखालच्याला थिएटरात सोडत नाहीत, निदान सोडू नये. ओटीटीसाठी केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२१मध्ये नियम काढले. त्यात सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि प्रौढ अशी वर्गवारी आहे. १३च्या पुढच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता यावं आणि प्रौढांच्या कार्यक्रमाला वयाची खात्री करणारी सोय असावी, असं त्यात लिहिलंय. खेळण्यांना १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पण हे कुलूप पडद्याला आहे आणि ते चिन्ह खेळण्याला. कपड्यावर कुठल्या वयाच्या मालिकेचं चित्र छापावं, याबद्दल यातला एकही नियम बोलत नाही. तीच मालिका मोबाईलवर प्रौढांसाठी आणि कापडावर आली की वय वर्षे पाच.

मी नवा कायदा करा म्हणत नाही. गांधीनगरच्या होलसेल पेठेत प्रत्येक टी-शर्ट तपासायला कोण जाणार? आपल्याकडे भेसळीचं दूध तपासायला माणसं पुरत नाहीत. बरं, यातला बराचसा माल नकलीच असणार. मालिका काढणाऱ्या कंपनीला विचारलं तर ती हात वर करणार.

मला जास्त लागतंय ते वेगळंच आहे. ही मालिका मुळात कर्जाची गोष्ट आहे. ४५६ नंबरचा माणूस कोण? कारखान्यातून कमी केलेला कामगार. धंद्यात बुडालेला, जुगारात अडकलेला, सावकारांना चुकवत फिरणारा, म्हातारीच्या जिवावर जगणारा. असली माणसं नावानं नाही, नंबरानं ओळखली जातात आणि वर बसलेले श्रीमंत त्यांच्या मरणाची मजा बघतात, हे दाखवायला दिग्दर्शकानं तो आकडा छातीवर लावला. तो आकडा म्हणजे अपमान आहे. शोभेची वस्तू नाही.

आणि हे कर्ज आपल्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. बचत गटाच्या नावाखाली दर आठवड्याला दारात येणारे फायनान्सवाले आपण बघतो. हप्त्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवलेल्या बायकांच्या बातम्या मीच दिल्यात. ऊसबिल अडकलं की कुणाच्या घरी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याच घरातलं पोरगं सणाला ४५६ नंबर छातीवर मिरवत फिरतं आणि म्हणतं, नंबर हाय माझा. आपण हसतो, फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो.

मोठ्यांनी ही मालिका बघावी, त्यावर बोलावं. आपल्याच जगण्याबद्दल आहे ती. पण त्यातला अर्थ मोठ्यांकडे राहत नाही आणि बंदूक तेवढी पोरांकडे जाते, हा सौदा आपल्या फायद्याचा नाही.

जानेवारीत गॅदरिंगं येतील. गेल्या वर्षी एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये छोट्या गटानं याच मालिकेवर नाच केला. मोठी बाहुली, संगीत, 'ढिशक्यांव' आवाज आणि पोरं एकेक करून स्टेजवर आडवी. सहा-सात वर्षांची. खाली शिट्ट्या पडत होत्या. फोटो आणि बातमी माझ्याकडे पाठवली होती, 'चिमुकल्यांच्या नृत्यानं रसिक मंत्रमुग्ध'. मी बाकीच्या नाचांची बातमी लावली, ती ओळ काढली. बाईंचा फोन आला, "आमचा नंबर पहिला आला तोच डान्स नाही घेतला सर?" मी कारण सांगितलं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मुलांनीच सुचवलं हो, मला वाटलं कुठलं तरी कार्टून असेल." खोटं नव्हतं तेही.

म्हणून हे लिहितोय. हे वाचून एक-दोन दुकानदार नाराज होतील. दिवाळी अंकाची अर्ध्या पानाची जाहिरातही जाईल कदाचित, गावात पत्रकारिता करायची तर हे चालायचंच. पण शेठ, तुमच्यावर राग नाही. मागणी एवढीच की पुढच्या वेळी माल उचलताना एकदा घरातल्या कॉलेजच्या पोराला फोटो पाठवून विचारा, हे काय आहे? तो अर्ध्या मिनिटात सांगेल. मोठ्यांचं असेल तर मोठ्यांच्या मापात घ्या, खुशाल विका. पोरांच्या मापात भीम आणि स्पायडरमॅनही 'पळतायत'च की.

शाळांनी गॅदरिंगची गाणी ठरवताना मूळ काय आहे ते एकदा बघावं. आणि आईबापांनी कपडा आणलाच असेल तर तो काढून जाळायची गरज नाही. पोराला जवळ बसवून विचारा, हे काय आहे, यात काय होतं, तुला कुणी दाखवलं? उत्तर ऐका. घरातला कुठला मोबाईल रात्री कुणाच्या हातात असतो, हे त्या उत्तरातून कळेल. आमच्या गल्लीतल्या पोराच्या आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "दादा, आम्हाला वाटलं कबड्डीचा ड्रेस हाय." दुसऱ्या दिवशी तिनं त्या आकड्यावर जुन्या साडीच्या काठाचा एक तुकडा शिवला. पोरगं थोडं रुसलं म्हणे. पण ट्रॅकसूट उबदार आहे, थंडीभर घालेल.