शिरोड्याचं मीठ

परवा पावसाळी हवेत जाड्या मिठाची बरणी उघडली आणि मिठागराच्या ओल्या चिखलाचा वास आला. शिरोड्याचं मीठ. आणि थेट तेरेखोल आठवलं.

आजी महाराष्ट्रातल्या रेडीची, तिची धाकटी बहीण गोव्यातल्या तेरेखोलला दिलेली. बहिणीकडे निघताना तिच्या गाठोड्यात हे मीठ असायचंच. मधे डोंगरातली पायवाट. एका काजूखाली आजी थांबायची, गाठोडं उतरवून गाठ सोडायची. मीठ, दोन भाकऱ्या, नवं लुगडं सगळं उघडं करून घटकाभर उभी राहायची. गोवा मुक्त होऊन तेव्हा दहाएक वर्षं उलटली होती.

"आजी, आता कोण बघता?"

"कोणी बघूंदे, नाय तर नको. सोडूक व्हया."

तेरेखोल नदीच्या उत्तरेला गोव्याचं हे एवढंच गाव. जमिनीने रेडीला चिकटलेलं, बाकीचा पेडणे तालुका मात्र पाण्यापलीकडे. किल्ला मूळचा सावंतवाडीकरांचा. 1746 साली पोर्तुगीजांनी घेतला. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा चढवला आणि ते पकडले गेले. त्याच सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. मीठ इकडचं आणि बहीण तिकडची, असं झालं. आजीची गाठोडं सोडायची सवय त्या वर्षांतली. कोण तपासायचं, काय काढून घ्यायचं, हे ती कधीच बोलली नाही.

तेरेखोल म्हटलं की लोक किल्ल्याचंच विचारतात. तिथून समुद्र कसा दिसतो, जेवण कसं मिळतं. मला राग येतो. किल्ल्याच्या पायथ्याशी माणसं राहतात, त्यांच्या लेकी रेडी-शिरोड्याला दिलेल्या आहेत, हे कुणाच्या गावीही नसतं.

16 जानेवारी 1967 च्या गोव्याच्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाची निशाणी होती फूल आणि संघप्रदेशाची दोन पानं. पेडण्याने फुलाला भरभरून मतं दिली. गोव्याने पानं निवडली. वेगळं राहू म्हणणाऱ्यांचं दुःख आणि भीती मला आता समजते, त्यांच्या भाषेची ओढही समजते. तरी तेरेखोलच्या मावशीआजीने फुलावरच शिक्का मारला असणार, असं मी धरून चालतो. तिला महाराष्ट्र नको होता की हवा होता, कोण जाणे. बहीण हवी होती. तेरेखोलहून रेडीला आजही चालत जाता येतं. पेडण्याच्या मामलेदार कचेरीत एका दाखल्यासाठी जायचं, तर केरीची फेरीबोट धरायची, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घालून पुन्हा गोव्यात शिरायचं.