टाकलेल्या चव्वीचा हिशेब

कॅसिनोतल्या स्लॉट मशिनपुढे बसणाऱ्याला आपण नेमकी काय किंमत मोजतोय, हे कळायला मार्गच नसतो. कोणतं चिन्ह किती वेळा यायचं हे यंत्राच्या पोटात ठरलेलं असतं आणि बाहेरून ते दिसत नाही. म्हणून तिथे चांगला खेळ आणि वाईट खेळ असा फरकच नाही. व्हिडिओ पोकरचं तसं नाही. साय रेड यांच्या कंपनीने 1979 मध्ये ‘ड्रॉ पोकर’ हे मशिन बाजारात आणलं, तेव्हापासून खेळाचा गाभा तोच आहे. पाच पानं येतात, हवी ती ठेवायची, बाकीची एकदाच बदलून घ्यायची, आणि जो हात जुळेल त्याचे पैसे मशिनवरच्या तक्त्याप्रमाणे मिळतात. नेवाडा राज्याच्या नियमानुसार पत्त्यांचा खेळ दाखवणाऱ्या यंत्रात प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटमध्ये असते तेवढीच असावी लागते. बावन्न पानांचा कॅट ठाऊक आणि तक्ता डोळ्यांसमोर, एवढं हाती असलं की प्रत्येक निर्णयाची किंमत काढता येते. निर्णय बरोबर होता की चूक, हे निकालाकडे न बघता ठरवता येणं, यातच मला या खेळाचं सारं कसब दिसतं. आणि त्यातला सर्वांत मोठा निर्णय पहिलं पान येण्याआधीच घ्यायचा असतो.

‘जॅक्स ऑर बेटर’ हा यातला सगळ्यांत साधा प्रकार. गुलामाची किंवा त्याहून वरची जोडी आली की लावलेले पैसे परत, दोन जोड्यांना दुप्पट, आणि असं चढत चढत रॉयल फ्लशपर्यंत, म्हणजे एकाच रंगाच्या दश्शी ते एक्का या पाच पानांपर्यंत. या तक्त्यातल्या दोनच ओळी आधी वाचायच्या: फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) आणि फ्लश (पाचही पानं एकाच रंगाची). एका नाण्यामागे फुल हाउसला 9 आणि फ्लशला 6 देणाऱ्या मशिनवर बिनचूक खेळलं तर लावलेल्या पैशांपैकी सरासरी 99.54 टक्के परत येतात. शेजारचं हुबेहूब तसंच दिसणारं मशिन 8 आणि 5 देत असेल, तर तितक्याच बिनचूक खेळाला 97.30 टक्के. 6 आणि 5 असेल तर 95. पाव डॉलरच्या मशिनवर पाच नाणी लावून ताशी 600 डाव धरले, तर तासाला 750 डॉलर फिरतात. नऊ-सहावर तासाचा सरासरी तोटा साडेतीन डॉलरच्या आत, आठ-पाचवर वीस डॉलर, सहा-पाचवर साडेसदतीस. पानं ठेवण्या-टाकण्यात कितीही हुशारी दाखवली तरी ही दरी भरून निघत नाही. पाच नाणी लावण्याचंही असंच. एक ते चार नाण्यांवर रॉयलला नाण्यामागे 250 मिळतात, पाचव्या नाण्याबरोबर ते 800 होतात. एकच नाणं लावणारा नऊ-सहावरचा एक टक्क्याहून जास्त परतावा आपणहून सोडून देतो.

आता एक हात जवळून पाहू. बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदामाचीच चव्वी. हा जुळलेला फ्लश आहे, नाण्यामागे 6 पक्के. चव्वी टाकली तर कॅटमध्ये 47 पानं उरतात. त्यांतली बदामाची दश्शी आली तर रॉयल, 800. बदामाची आणखी सात पानं पुन्हा फ्लश देतात, त्यांचे 42. इतर तीन दश्शींनी स्ट्रेट, म्हणजे लागोपाठची पाच पानं, होतो, त्यांचे 12. एक्का, राजा, राणी, गुलाम यांची उरलेली बारा पानं जोडी देतात, त्यांचेही 12. बेरीज 866, तिला 47 ने भागलं की 18.43. हातातल्या सहाच्या तिप्पट. पण त्या 47 पैकी 24 पानांवर काहीच मिळत नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हातचे साडेसात डॉलर जाऊन रिकामा हात उरतो, आणि तरीही चव्वी टाकणंच बरोबर असतं. ज्याला ही गोष्ट आकड्यांत पटते पण बोटांत उतरत नाही, त्याच्या हातात अजून खेळ आलेला नाही.

असे झगमगते हात क्वचितच येतात. खरा पैसा गळतो तो रोजच्या, नीरस हातांत. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि आणखी एक पंजी आली की नजर ओळीकडे धावते. पण दोन्ही टोकांनी उघड्या अशा स्ट्रेटची किंमत 0.68 आणि त्या क्षुल्लक वाटणाऱ्या पंज्यांच्या जोडीची 0.82. जोडीसोबत एक्का धरून ठेवण्याची सवय तर फार पसरलेली आहे. प्रत्यक्ष पोकरच्या टेबलावर तिला अर्थ असू शकतो, कारण समोर माणूस असतो. इथे कुणाला फसवायचं नसतं, तेव्हा तो एक्का एक नवं पान अडवून बसतो, एवढंच. पाच पानं ठेवण्या-टाकण्याच्या रीती 32 आणि सुरुवातीचे हात 25,98,960. हे सगळं पाठ करावं लागत नाही, उतरत्या किमतीची एक यादी पुरते. मात्र ती यादी थकलेल्या डोळ्यांनाही आठवली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा की 99.54 म्हणजेही तोटाच. मान्य. शंभराच्या वर जाणारे तक्तेही आहेत. दुर्रीला जोकर धरणाऱ्या ‘ड्यूसेस वाइल्ड’च्या पूर्ण तक्त्याचा परतावा 100.76 टक्के आहे. पण तशी मशिन्स आता दुर्मीळ आहेत, आणि मिळालं तरी वरच्याच वेगाने तासाला सहा डॉलरही सुटत नाहीत. लास व्हेगसमधला कुठलाही वेटर त्याहून जास्त कमावतो. उपजीविका म्हणून मी हा खेळ कुणाला सुचवणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्यक्षात सगळं नशिबावरच चालतं. रॉयल सरासरी 40,390 डावांतून एकदा येतो, म्हणजे साधारण 67 तासांत. एवढे डाव खेळूनही तो एकदाही न येण्याची शक्यता सुमारे 37 टक्के आहे. तासाच्या निकालातला चढउतार 135 डॉलरच्या आसपास असतो, त्यापुढे साडेतीन डॉलरचा सरासरी तोटा दिसणारही नाही. हे सगळं खरं आहे. पण 40,000 डावांनंतर हा चढउतार 1,100 डॉलरच्या घरात जातो, आणि नऊ-सहा व आठ-पाच यांच्यातला फरकही तेवढ्यात 1,120 डॉलर झालेला असतो. नशीब डावांच्या वर्गमुळाच्या गतीने वाढतं, तक्त्यातला फरक डावांच्या संख्येबरोबर वाढतो. एका संध्याकाळपुरता आक्षेप घेणारा बरोबर, वर्षाच्या हिशेबात नाही. कॅसिनोवाल्यांना हे नीट ठाऊक आहे. कॅटला हात लावता येत नाही, म्हणून ते तक्त्यातल्या त्या दोन ओळी कापतात. लास व्हेगसच्या मुख्य रस्त्यावर सहा-पाचची मशिन्स आता सर्रास दिसतात.

तिसरा आक्षेप असा की हा खेळ माणसाला मशिनपुढे जखडून ठेवतो, आणि त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. नताशा डाऊ श्यूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास व्हेगसमधल्या यंत्र-जुगाऱ्यांचा दीर्घ अभ्यास करून 2012 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांना भेटलेल्या कित्येकांना जिंकण्याशी कर्तव्यच उरलं नव्हतं. डावामागून डाव चालू राहावा आणि बाहेरचं जग विरून जावं, एवढंच त्यांना हवं होतं. आपण वर जो हिशेब केला, त्याला सुरुवात करण्यासाठीच तक्ता वाचून पाठ फिरवण्याची तयारी लागते. ज्याला उठता येतं, त्याला या गणिताचा उपयोग आहे. ज्याला येत नाही, त्याला ते शिकवायला मी तयार नाही, कारण 99.54 हा आकडा त्याला बसून राहायला आणखी एक कारण पुरवतो.