अस्सल म्हणजे काय? जुन्या जपानी स्पोर्ट्स कारविषयी एक धागा

१/
जानेवारी २०२०. अमेरिकेतील एका ऑनलाइन लिलावात १९७१ सालची एक डॅटसन २४०झेड ३ लाख १० हजार डॉलरना विकली गेली. १९७० मध्ये हे मॉडेल त्या देशात आले, तेव्हा नव्या गाडीची किंमत होती ३,५२६ डॉलर. विकली गेलेली गाडी शर्यतीत गाजलेली नव्हती आणि तिचे मॉडेलही दुर्मीळ नव्हते. २४०झेड लाखाहून अधिक संख्येने तयार झाल्या होत्या. मग एवढे मोल कशाचे?
हा धागा त्या प्रश्नाचा आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
मोल होते ते हात न लागल्याचे. पन्नास वर्षांच्या आयुष्यात ही गाडी जेमतेम २१,७५० मैल धावली होती आणि बव्हंशी कारखान्यातून निघाली तशीच उरली होती. मधल्या काळात छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या एका कंपनीने तिला नमुना म्हणून घेतले होते. नक्कल करण्यासाठी निवडलेली अस्सल प्रत, असे तिचे वर्णन करता येईल.

३/
आता याच्या उलट टोकाचा प्रसंग पाहा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निस्सान कंपनीने अमेरिकेत स्वतःच जुन्या २४०झेड विकत घेतल्या, त्या पूर्ण सुट्या करवून नव्याने उभ्या करवल्या आणि सुमारे २५ हजार डॉलरना विकल्या. काही डझन गाड्यांनंतर हा उपक्रम थांबला. त्या काळी ‘अगदी नव्यासारखी’ हीच जुन्या गाडीची सर्वांत मोठी प्रशंसा होती. पुढे संग्राहकांना उमगले की नवा रंग चढवताना जुना खरवडावा लागतो आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

४/
मला मोटारींच्या आधी वेड लागले ते जुन्या कागदांचे. मोडी कागद चाळणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो अस्सल आणि नक्कल यांतील भेदाचा. दुसरा असा, की जिथे लाभ तिथे बनावट. वतनाच्या तंट्यांत खोट्या सनदा पुढे येत, कारण सनदेच्या मागे जमीन आणि मान उभा असे. मोटारींच्या बाजारातही हेच घडते. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘हाकोसुका’.

५/
हाको म्हणजे पेटी, सुका म्हणजे ‘स्कायलाइन’चा जपानी उच्चार आखडून केलेले लाडके नाव. १९६९ मध्ये निस्सानने या पेटीसारख्या गाडीची जीटी-आर ही आवृत्ती आणली. तिचे एस२० हे इंजिन शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाचा वारसा सांगणारे: सहा सिलिंडर, २४ व्हाल्व्ह, १६० हॉर्सपॉवर. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत जपानी शर्यतींत तिने सुमारे ५० विजय मिळवले. चार दारांच्या ८३२ आणि दोन दारांच्या १,१९७, एवढ्याच जीटी-आर बनल्या. साध्या स्कायलाइन मात्र लाखोंनी विकल्या गेल्या.

६/
साहजिकच साध्या गाडीची ‘जीटी-आर’ करणारे पुष्कळ निघाले. खूण कुठे शोधायची? साध्या गाडीच्या मागच्या चाकावरून पत्र्यात उमटवलेली एक रेघ सलग जाते. तिला ‘सर्फ लाइन’ म्हणतात. जीटी-आरला रुंद टायर बसावेत म्हणून कारखान्यातच चाकावरचा पत्रा वर कापलेला असे, त्यामुळे ती रेघ मध्येच तुटते. पण पत्रा कोणीही कापू शकतो! म्हणून खरी साक्ष चासीच्या क्रमांकाची. दोन दारांची साधी जीटी ‘केजीसी१०’, तर जीटी-आर ‘केपीजीसी१०’. एका अक्षराचे हे अंतर किमतीत मात्र प्रचंड होते.

७/
इथवर वाचून वाटेल की अस्सल म्हणजे कारखान्यातून आली तशी. टोयोटा २०००जीटी या व्याख्येला छेद देते. यामाहाच्या सहकार्याने १९६७ ते १९७० या काळात घडवलेल्या या गाड्यांची एकूण संख्या ३५१. डॅशबोर्डचे लाकूडकाम यामाहाच्या पियानो बनवणाऱ्या कारागिरांच्या परंपरेतले. २०१३ मध्ये अशी एक गाडी अमेरिकेत ११ लाख ५५ हजार डॉलरना गेली आणि लिलावात दहा लाखांचा टप्पा ओलांडणाऱ्या जपानी गाडीचा विषय जगभर चर्चिला गेला.

८/
२०२२ मध्ये तो आकडाही मागे पडला. दुसरी एक २०००जीटी २५ लाख ३५ हजार डॉलरना विकली गेली. ही गाडी मूळ रूपात राहिलेली नव्हती. कॅरोल शेल्बी यांच्या चमूने १९६८ च्या अमेरिकी शर्यतींसाठी तिच्यात मुद्दाम बदल केले होते. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने जे ‘बिघडवणे’, तेच इतिहासाच्या दृष्टीने तिचे चरित्र ठरले. बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची नोंद असेल, तर तो बदलही अस्सलच.

९/
माझा एक मित्र नोकरीनिमित्त नागोयाजवळ राहतो. त्याने वर्षानुवर्षे पैसे साठवून एक हाकोसुका घेतली. साधी जीटी, पण मागचा पत्रा कापलेली. विकणाऱ्याने काही लपवले नव्हते. पहिल्या मालकाने तरुणपणी, १९७० च्या दशकात, जीटी-आर परवडत नाही म्हणून हे काम करून घेतले होते आणि गॅरेजची पावती कागदांत जपून ठेवली होती. मित्राने फोनवर विचारले, “पत्रा पूर्ववत करून घेऊ का रे? किंमत वाढेल म्हणतात.”

१०/
मी म्हणालो, “ती पावती आधी नीट वाच.” कारखान्याने जी स्वप्ने विकली, त्यांचा इतिहास माहितीपत्रकांत मिळतो, ती ज्यांना परवडली नाहीत, त्यांचा इतिहास अशाच कापलेल्या पत्र्यात उरतो. रेघ पुन्हा जोडली असती तर गाडी कारखान्याशी प्रामाणिक झाली असती आणि पहिला मालक तिच्यातून पुसला गेला असता. मित्राने पत्रा तसाच ठेवला. त्यात त्याचे आर्थिक नुकसान असेलही. तो ते जाणून आहे.

११/
हा पेच जपानला नवा नाही. इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात. शेवटचे २०१३ मध्ये बांधले. तिथे लाकडाचे वय गौण आहे, बांधण्याची विद्या अखंड आहे. ऐतिहासिक वास्तूंबाबत १९९४ च्या नारा दस्तऐवजाने हेच तत्त्व जगापुढे मांडले: अस्सलपणाचा एकच ठरीव मापदंड सर्व संस्कृतींना लावता येत नाही.

१२/
२०१७ पासून निस्सान आपल्या निस्मो विभागामार्फत आर३२ स्कायलाइन जीटी-आरचे जुने सुटे भाग नव्याने बनवू लागली. कंपनी तीच, भाग तोच, वर्ष मात्र वेगळे. हा भाग अस्सल की नक्कल? रस्त्यावर गाडी धावती ठेवणाऱ्याला तो वरदान आहे. माझे उत्तर एवढेच, की तो बसवल्याची तारीख लिहून ठेवावी.

१३/
बाजार अस्सलपणाला किंमत लावतो आणि म्हणून अस्सल गाड्या बंद दारांआड जातात. न धावणे हाच त्यांचा गुण ठरतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तेवढ्यावर थांबू नये. गाडी किती कोरी राहिली, याच्या जोडीला तिच्यावर काय काय गुजरले हेही विचारावे. तुमच्या घरी जुनी स्कूटर, रेडिओ किंवा शिलाई यंत्र असेल, तर दुरुस्तीच्या पावत्या फेकू नका. आणि त्या वस्तूत कोणी, का बदल केला होता, हे ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा.