मार्चातला गारठा

काल दुपारी आलापल्लीहून एटापल्लीला येताना नुसती लाही होत होती. अर्ध्या वाटेत आभाळ काळं झालं अन् बोराएवढ्या गारा सुरू. दहा मिनिटांत डांबर पांढरं, हँडलवर हात बधिर. या दिवसांत सागाला पान नसतं, आडोसा कसला!

तापल्या जमिनीवरची ओलसर हवा जोरात वर चढते, तिथं पाणी गोठतं. म्हणून गारा उन्हाळ्याच्या तोंडीच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात अर्ध्या महाराष्ट्रानं त्या सोसल्या.

आमच्याकडं आत्ता मोहाचा हंगाम. कळ्या झोडपल्या, अंगणात वाळत घातलेली फुलं भिजून काळी पडली. पिकाचा पंचनामा होईल, पण मोह सातबाऱ्यावर नाही. आज पहाटे गेलेल्या बायका पाव टोपली घेऊन परतल्या.

तुमच्याकडं किती पडल्या?