वाकलेल्या रेषेची साक्ष

कृष्णविवर म्हटले की त्याच्या अदृश्यतेचाच विचार प्रथम मनात येतो. आम्हांला मात्र त्याच्या काठावरील एका साक्षीदाराचे कुतूहल अधिक वाटत आले आहे. तो साक्षीदार म्हणजे लोखंड.

सक्रिय दीर्घिकांच्या गाभ्यात महाकाय कृष्णविवर असते आणि त्याच्याकडे ओढले जाणारे द्रव्य तबकडीसारखे त्याच्याभोवती फिरत असते. जवळच्या अतितप्त प्रदेशातून निघालेले क्ष-किरण या तबकडीवर आदळले, की लोहाच्या अणूतील अगदी आतला इलेक्ट्रॉन उडून जातो, त्याची जागा बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन घेतो आणि ६.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर पडतो. प्रयोगशाळेतील लोखंडही हाच आकडा सांगते. म्हणून वर्णपटात त्या ठिकाणी एक अरुंद रेषा दिसावयास हवी.

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरणांना खाली येऊ देत नाही. ही रेषा पाहण्यास उपग्रहच हवा. १९९३ साली सोडलेल्या जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाने नरतुरंग तारकासमूहातील एमसीजी-६-३०-१५ ही दीर्घिका न्याहाळली. यासुओ तानाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत लोहाची रेषा विलक्षण पसरट आणि बहुतांशी कमी ऊर्जेच्या बाजूस झुकलेली होती. पसरटपणावरून द्रव्याचा वेग सेकंदाला सुमारे एक लाख किलोमीटर निघत होता. झुकावाचा अर्थ त्यांनी असा लावला, की कृष्णविवराच्या गुरुत्वाकर्षणातून वर येताना त्या किरणांची ऊर्जा खर्ची पडली होती. ते किरण निघाले तेव्हा आमच्या इंदूरखालचा काळा पाषाण लाव्हारूपानेही अवतरला नव्हता!

हे वाचताना आम्हां इंदूरकरांना आपल्या मराठीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या सहवासात ती वाकली. पुण्याहून येणारे पाहुणे तिला हसले, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी मुलांच्या जिभेवरचा तो बाक काढून टाकण्यासाठी पुष्कळ खटपट केली. लोहाचा मूळ आकडा ठाऊक नसता तर रेषेचा झुकाव वाचताच आला नसता. त्या न्यायाने प्रमाण मराठी मुलांना शिकवावयास हवीच. परंतु रेषा अरुंदच राहिली असती, तर ती कोणत्या ओढीतून सुटून आली हे कोणास कळले असते? मुलांच्या बोलण्यातील बाक आम्ही आता कान देऊन ऐकतो.

मात्र बाकाचे कारण ठरविण्यात घाई बरी नव्हे. वाटेतील वायूने काही किरण शोषले तरी रेषा अशीच पसरल्याचा भास होऊ शकतो, असा आक्षेप काही खगोलशास्त्रज्ञांनी घेतला होता. २०१३ साली ‘न्यूस्टार’ आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ या उपग्रहांनी एनजीसी १३६५ या दीर्घिकेचे केलेले एकत्रित मापन गुरुत्वाकर्षणाच्या बाजूने गेले. २०२३ साली जपानने सोडलेला ‘क्रिझम’ उपग्रह आता लोहरेषेतील वेगवेगळे पदर अधिक बारकाईने सुटे करून पाहतो आहे. आमच्या बोलीतील कोणता शब्द माळव्याने आपुलकीने दिला आणि कोणता आम्ही निव्वळ आळसाने उचलला, याचा निवाडाही अशाच सबुरीने करावा लागेल.