केडगावचा वाद

"दुष्काळात अन्न देऊन धर्म बदलला, त्याला आतिथ्य कसलं म्हणता?" पंडिता रमाबाईंविषयी इतिहासाचे एक प्राध्यापक मला म्हणाले. स्वतःच पाहावं म्हणून मी केडगावसाठी पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडली.

मुक्कामाच्या लॉजमध्ये रात्रभर डास आणि पंख्याची खडखड. सकाळी नारायण महाराजांचं बेट धावत-पळत पाहिलं. जीव अडकला होता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये.

त्यांच्या संस्कृत पांडित्याचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. मला मात्र त्यांची भूक आठवत होती. पुराणं सांगत तीर्थांना फिरणारं कुटुंब. मजुरी जमेना, भीक मागवेना. १८७४मध्ये वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मागोमाग आई आणि बहीण. उरलेली भावंडं भटकत १८७८मध्ये कलकत्त्याला पोचली. पुढे १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली आणायला रमाबाई स्वतः गेल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्या मुलींना केडगावच्या शेतावर हलवलं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, इथे जवळजवळ २,००० जणी होत्या! मग विहिरी आल्या, माग आले, छापखाना आला. अंध मुलींनाही वाचायला शिकवलं. 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. त्यांना त्या काळी ओसरीवर तरी कुणी बसू दिलं असतं?

प्राध्यापकांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. १८८९मध्ये रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं तेव्हा त्यांना आपला आचार पाळायची मुभा होती. मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्यावर 'केसरी'ने झोड उठवली. १८९३मध्ये रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती. उपाशी पोरीला 'नाही' म्हणता येतं का, हा प्रश्न रास्तच आहे. फक्त तो सासरी केशवपन होणाऱ्या बालविधवेबद्दलही विचारा. रमाबाईंना धर्मप्रसार करायचा होता, त्यांनी तो लपवला नाही. आणि ज्यांना दुसरं दार नव्हतं त्यांना घरात घेतलं. माझ्या हिशेबात दुसरी गोष्ट मोठी ठरते. प्राध्यापकांना ते अजून मान्य नाही.

संस्था आजही चालू आहे. जाणार असाल तर आधी कळवा. तिथे माणसं राहतात, ते प्रेक्षणीय स्थळ नव्हे. आणि तिकीट दौंड तालुक्यातल्या केडगावचं काढा. अहिल्यानगरजवळचं केडगाव वेगळं.