देरा दुबईतला मच्छी-भात

दुबई म्हटले की लोक मोबाइलवर बुर्ज खलिफाचे फोटो दाखवतात. आपल्या कोकणातल्या घरांची दुबई वेगळी आहे. ती खाडीच्या काठी, देरा भागात आहे. रत्नागिरी-रायगडच्या कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, कुणाचे अब्बा, कुणाचे मामू, कुणाचा भाई तिथल्या एखाद्या खोलीत वर्षानुवर्षे राहून आलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे आठ दिवस तिथे होतो. उंच इमारती एका संध्याकाळी पाहून झाल्या; बाकीचा वेळ खाडीवर, मच्छीबाजारात आणि भाच्याच्या राईस कुकरसमोर गेला.

खाडीच्या या काठाला देरा, पलीकडे बर दुबई. मधून अब्रा नावाच्या लाकडी होड्या चालतात, एक दिरहम दिला की पलीकडे. काठाला लाकडी गलबते लागलेली असतात. फ्रीज, टायर, पोती असा माल त्यांतून इराणला आणि सोमालियाकडे जातो. आपल्या मागच्या पिढ्यांतले कितीतरी लोक जहाजांवर खलाशी होते, त्यामुळे असेल, पण तिथे उभे राहिल्यावर परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही.

जाण्याआधी आपांनी एकच काम सांगितले होते. "पोरगा जेवतो काय ते डोळ्यांनी बघून या. फोनवर तो सगळं बरंच सांगतो." त्यांच्या काळजीला कारण आहे. आमचे दुल्हाभाई बावीस वर्षे आखातात राहिले आणि परत आले ते साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. डबल ड्युटी, रात्री हॉटेलातला परोटा आणि तेलाचा तवंग आलेले सालन, वर थंड पेय, असे त्यांचे जेवण. आता मुलगा त्याच वाटेवर.

भाच्याच्या फ्लॅटमध्ये तीन खोल्या, स्वयंपाकघर एक. इशानंतर शेगडीसाठी रांग लागते आणि याची पाळी येईपर्यंत दहा वाजतात. म्हणून त्याने छोटा राईस कुकर घेतला होता. पण त्यात नुसता भात शिजायचा आणि सालन हॉटेलातूनच यायचे. "मग यातच सगळं करू," असे आम्ही म्हणालो. तो हसला. "मामू, यात फक्त भात होतो."

सकाळी फजरनंतर त्याच्याबरोबर वॉटरफ्रंट मार्केटला गेलो. देऱ्याचा जुना मच्छीबाजार २०१७मध्ये या नव्या वातानुकूलित इमारतीत आला. बर्फावर मांडलेली मच्छी ओळखीची, नावे मात्र अरबी. सुरमईला कनाद म्हणतात, पापलेटला जुबैदी, कोळंबीला रुबियान. हमूर आणि शेरी तिथले लाडके. विक्रेते बहुतेक आपल्याच उपखंडातले, त्यामुळे भाव हिंदीत होतो. मच्छी घ्यायची एकीकडे आणि साफ करून घ्यायची दुसरीकडे, वेगळे पैसे देऊन. आम्ही मध्यम कनाद घेतला आणि पाऊण इंचाचे तुकडे करून घेतले. त्याहून जाड तुकडा कुकरच्या वाफेवर मधे कच्चा राहतो. आमसूल गावाहून नेले नव्हते, म्हणून मसाल्याच्या बाजारातून लूमी घेतले. हे उन्हात वाळवलेले काळपट लिंबू अरब लोक मच्छीच्या भातात घालतात.

राईस कुकरचे गणित आठवीच्या विज्ञानातलेच आहे. पाणी असेपर्यंत भांडे शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. भाताने पाणी शोषले की तळ तापतो आणि खटका उडतो. १९५५मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीने पहिला असा कुकर विकायला आणला. खटका कधी उडेल हे कळले की त्यात भाताखेरीज बरेच काही करता येते.

तुकड्यांना हळद, मीठ, लाल तिखट, आले-लसूण लावून ठेवले. दोन मापे बासमती वीस मिनिटे भिजवला (कुकरबरोबर येणारे माप १८० मिलीचे असते, घरातला कप नव्हे). कुकरमध्ये दोन चमचे तेल, कांदा, हिरवी मिरची आणि थोडे आले-लसूण घालून झाकण उघडे ठेवून परतले. मधेच खटका उडतो. दोन-तीन मिनिटे थांबून पुन्हा दाबायचा. मग निथळलेला तांदूळ, दोन मापे पाणी, अर्धे माप नारळाचे दूध, मीठ आणि दोन लूमी. लूमीला सुरीने भोके पाडायची, फोडायचे नाही; बिया सुटल्या की कडवटपणा येतो. पाणी आटून भातावर भोके दिसू लागली की मच्छी अलगद वर मांडायची आणि झाकण लावायचे. खटका उडाल्यावरही पंधरा मिनिटे उघडायचे नाही. तुकडा काट्यापासून सहज सुटला आणि आतून पांढरा दिसला की झाले. गावचा उकडा तांदूळ असेल तर पाणी जास्त लागते. आणि मच्छी घातलेला भात रात्रभर गरम ठेवू नये.

खोलीत एक हैदराबादचा, एक मलप्पुरमचा. कोळंबी आणली असती तर हैदराबादी मुलाने खाल्ली नसती. तो हनफी, आम्ही कोकणी शाफई. सुरमईवर मात्र सगळ्यांचे एकमत. जमिनीवर दस्तरखान पसरला, सोलकढीच्या जागी लबनची बाटली आली आणि बिस्मिल्लाह झाली.

जेवताना भाचाच बोलला. "अब्बूंनी बावीस वर्षं केली. मी दोन करारांचं ठरवलंय, चार वर्षं. मग गावी." आम्ही त्याला हे विचारले नव्हते. घराचा वरचा मजला अजून अर्धा आहे, धाकटीची डी.एड.ची फी आहे; चार वर्षांत भागेल का, हा हिशोब त्यालाही येतो.

तेवढ्यात आपांचा व्हिडिओ कॉल आला. त्याने ताट कॅमेऱ्यासमोर धरले. "कनाद आहे, अम्मी." आपा म्हणाल्या, "कनाद कसला? सुरमई आहे ती. आणि पाणी किती घातलंस?"

"अडीच मापं. अर्धं दुधाचं."

"उकडा असता तर?"

त्याने आमच्याकडे पाहिले, मग स्वतःच म्हणाला, "जास्त."